लाखाच्या वर चाललेली गाडी आणि गिअरबॉक्सचं ऑइल: बदलायचं की हातच लावायचा नाही?

सेकंडहँड गाडी घेतली, ओडोवर सव्वा-दीड लाख किलोमीटर. इंजिन ऑइल बदललं, ब्रेक पॅड बघितले, टायर बघितले, आणि मग कोणीतरी विचारतं की गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय? आधीच्या मालकाला फोन केला तर तो म्हणतो, ते बदलायचं असतं का? गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, एवढी चाललेली गाडी आहे, आहे तसं चालू द्या, नवीन ऑइल टाकलं की गिअरबॉक्स बसतो." आणि ऑफिसमधला एखादा सांगतो की अरे मशीनने पूर्ण फ्लश मारून घे, गाडी नवी होते. आता नवीन माणसाने ऐकायचं कोणाचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं बघू. किलोमीटरचा आकडा बघून हे ठरत नाही (तसाही सेकंडहँड बाजारात त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे तुम्हाला माहितीय). आत्ता आत असलेलं ऑइल कसं दिसतंय आणि गाडी गिअर कसे टाकतेय, या दोन गोष्टी बघायच्या. दोन्ही बऱ्या असतील तर बदला, पण सावकाश, टप्प्याटप्प्याने. गिअरबॉक्स आधीच आजारी असेल तर ऑइल हे त्यावरचं औषध नाही, तिथे पैसे वेगळ्या कामाला ठेवा.

आधी कळू द्या की गिअरबॉक्स कोणता आहे

हे वाचून हसू नका, ऑटोमॅटिक म्हणून गाडी घेणाऱ्या निम्म्या लोकांना आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची हे माहीत नसतं, आणि सगळा निर्णय त्यावरच आहे.

क्लचचं पेडल असेल तर मॅन्युअल, विषय संपला. पेडल नाही, पण गिअरच्या दांड्यावर पी म्हणजे पार्किंग हा खाचाच नाही, नुसतं आर, एन, डी आणि एम असं काहीतरी, तर बहुतेक वेळा ती एएमटी. मारुतीने २०१४ च्या सेलेरिओत हे आणलं, त्याला ते एजीएस म्हणतात, आणि मग टाटा, महिंद्रा सगळ्यांकडे आलं. एएमटी म्हणजे आतून चक्क मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्रणा करते.

पी आहे तर उरले तीन. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे नेणारी) जुनी पारंपरिक ऑटोमॅटिक, म्हणजे आय१० किंवा जुन्या वेर्नाची चार गिअरची, २००८ नंतरच्या सिटीची पाच गिअरची, इनोव्हा क्रिस्टाची सहा गिअरची. दुसरी सीव्हीटी, म्हणजे २०१४ नंतरची सिटी, जॅझ, निसान सनी वगैरे, ज्यात पेडल दाबलं की आरपीएमचा काटा एका जागी चिकटून बसतो आणि गाडी मागून वेग पकडत जाते, गिअर पडल्याचं कळतच नाही. तिसरी ड्युअल क्लच, म्हणजे पोलो जीटी टीएसआय, स्कोडा लॉराची डीएसजी. शंका असेल तर गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन घेऊन ओनर्स मॅन्युअल उघडा. पुस्तक गाडीबरोबर मिळालं नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ बऱ्याचदा मिळतं. ऑइलचं नेमकं नावही त्यातच असतं, ते आत्ताच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

मॅन्युअल असेल तर फार डोकं लावू नका

"जुन्या गाडीत नवीन ऑइल टाकलं की गिअरबॉक्स जातो" ही भीती मॅन्युअलला लागूच होत नाही. आपल्या नेहमीच्या गाड्यांत क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या बाहेर कोरडी असते, ऑइलचा तिच्याशी काही संबंध नाही. ऑइल आत फक्त गिअरचे दाते, बेअरिंग आणि सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या कड्या) सांभाळतं. जुनं ऑइल पातळ झालेलं असतं, त्यात धातूची बारीक पूड असते, सकाळी थंडीत पहिला-दुसरा गिअर पडायला कुरकुरतो. नवीन टाकलं की नुकसान काही नाही, झाला तर फायदाच.

जपायचं ते एकाच बाबतीत. डब्यावर ग्रेड बघा. ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० जो काय तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो, आणि त्याच्या पुढे जीएल-४ की जीएल-५ लिहिलंय ते बघा. दुकानदार म्हणतो जीएल-५ म्हणजे भारी, पुढचा आकडा आहे ना. तसं नाहीये. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त कडक ॲडिटिव्ह असतात, ती मुळात डिफरन्शियलच्या (ताकद चाकांना वाटून देणारा भाग) हायपॉइड गिअरसाठी, आणि त्यातली बरीच ऑइलं पितळेच्या सिंक्रो रिंगला खातात. कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च. छोट्या गाडीत साधारण दोन लिटरच्या आसपास लागतं, गाडीप्रमाणे कमीजास्त.

ऑइल बदलायला गाडी वर घेतलीच आहे तर ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो तिथलं सील ओलं आहे का बघून घ्या. जुन्या गाडीत ऑइल बदलण्यापेक्षा ऑइल कमी होऊन, कोरडं पडून गिअरबॉक्स जाण्याची भीती जास्त असते, आणि गळती बऱ्याचदा याच सीलमधून होते.

एएमटीवाल्यांनीही हेच सगळं करायचं, फक्त त्यात आणखी एक छोटं प्रकरण आहे. ज्या एएमटीमध्ये गिअर टाकणारी यंत्रणा हायड्रॉलिक आहे तिथे तिचं वेगळं ऑइल असतं, बॉनेटखाली छोट्या टाकीत, मिन-मॅक्सच्या खुणांसह. ते गिअर ऑइल नाही. या दोघांची अदलाबदल झाली तर यंत्रणा गेलीच समजा, म्हणून हे काम ज्याने एएमटी हाताळलीय त्याच्याकडेच द्या.

ऑटोमॅटिकची भीती आली कुठून

आता खरा विषय. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये ऑइलला, म्हणजे एटीएफला, चार-पाच कामं असतात. ते वंगण आहे, ते गारवा देतं, त्याच्याच दाबाने आतले क्लच दाबले जातात, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढे तेच नेतं. आणि आतले क्लच, ज्यांच्यावर कागदासारख्या घर्षणाच्या चकत्या चिकटवलेल्या असतात, ते त्याच ऑइलात बुडून काम करतात. म्हणजे किती घसरायचं आणि किती पकडायचं हे ऑइलमधल्या ॲडिटिव्हवर ठरतं. ही ॲडिटिव्ह उष्णतेने आणि वयाने संपतात, चकत्यांची झीज ऑइलात मिसळते, आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारा भाग) बारीक वाटांमध्ये, सोलेनॉइडमध्ये (विजेवर उघडझाप होणारे छोटे व्हॉल्व्ह) वार्निशचा, म्हणजे ऑइलच्या चिकट मळाचा, थर बसतो.

लोक काय करतात, एक लाख साठ हजारापर्यंत ऑइलकडे बघत नाहीत, गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना घसरायला लागते, डी टाकल्यावर क्षणभर विचार करते, तेव्हा मग घाबरून ऑइल बदलतात. चकत्या तोपर्यंत संपलेल्या असतात. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स बसतो आणि गल्लीभर बातमी होते की ऑइल बदललं म्हणून बसला. अहो तो बसणारच होता. ऑइल बदलायला नेलं तेच मुळी तो बसायला लागला म्हणून.

पण गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, तेवढं त्याला द्यायला पाहिजे. घासून गुळगुळीत झालेले क्लच कधीकधी जुन्या गढूळ ऑइलात कसेबसे पकड धरून असतात, स्वच्छ निसरडं ऑइल आलं की ती उरलीसुरली पकडही जाते. आणि दुसरं म्हणजे मशीनचा फ्लश, ज्यात दाबाने सगळं जुनं ऑइल एका दमात ढकलून काढतात. वर्षानुवर्षं कोपऱ्यात शांत बसलेला कचरा त्या दाबाने सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या एखाद्या सुईएवढ्या वाटेत जाऊन अडकतो. म्हणून जास्त चाललेल्या आणि इतिहास माहीत नसलेल्या गाडीला फ्लश मशीन लावू नका, कोणी कितीही ऑफर देऊ दे.

"लाइफटाइम फिल" हा आणखी एक घोळ. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं आहे. आयुष्य कोणाचं, ते कोणी लिहीत नाही. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे सहा आणि आठ गिअरचे ऑटोमॅटिक बॉक्स बीएमडब्ल्यूत बसतात, गाडी बनवणारे त्यातल्या ऑइलला लाइफटाइम म्हणत आले, आणि बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षं झाली की बदला. मला विचाराल तर मी ज्याने बॉक्स बनवला त्याचं ऐकेन.

आपल्याकडची परिस्थिती तर आणखी कडक. जुना ढोबळ ठोकताळा असा की ऑइलचं तापमान दर दहा-अकरा अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात बोरघाटात किंवा कसाऱ्याला ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्यावर रांगत चढणं, नाहीतर रोज संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणं, यात ऑइल किती तापत असेल विचार करा. बऱ्याच ओनर्स मॅन्युअलमध्ये "सिव्हिअर", म्हणजे कठीण, वापर असा वेगळा रकाना असतो, त्यात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं, आणि शहरातली थांबत-थांबत चालणारी गाडी त्यात मोडते. आपण सगळे त्याच रकान्यात.

ऑइल बघायचं कसं

डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर सोपं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागी लावा. पुढे कंपनीप्रमाणे फरक आहे. टोयोटात साधारण इंजिन चालू ठेवून पी मध्ये बघतात, जुन्या ह्युंदाईत सगळ्या गिअरमधून दांडा एकदा फिरवून एन मध्ये, होंडात इंजिन बंद करून लगेच एक-दीड मिनिटात. चुकीच्या पद्धतीने बघितलं तर पातळी चुकीची दिसते आणि माणूस उगाच लिटरभर वर ओततो. पुसायला दोरे सुटणारं फडकं घेऊ नका, तो एक दोरा व्हॉल्व्ह बॉडीत गेला की महागात पडतो.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि पाच मिनिटं ठेवा. लाल किंवा लालसर तपकिरी, सगळीकडे सारखा पसरलेला डाग असेल तर छान. गडद तपकिरी, पण वास नाही, म्हणजे जुनं झालंय, बदलण्याजोगं आहे. काळं, मध्ये ठिपके साचलेले आणि घाटात क्लच जाळल्यावर येतो तसला जळका वास असेल तर चकत्या जळाल्यात. आणि दुधट गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, कारण त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय. बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं आणि चकत्यांचा गोंद सुटतो. आधी रेडिएटर, मग बाकी सगळं. पुरात उभी राहिलेल्या गाडीतही हे दिसतं, गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या वाटेतून) पाणी आत जातं. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या अशा किती गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या असतील कोण जाणे, म्हणून जुनी गाडी घेतानाच हे बघा. काही ऑइलांचा मूळ रंग लाल नसतो, सीव्हीटीचं बऱ्याचदा हिरवट किंवा पिवळट असतं, तेव्हा रंगापेक्षा गढूळपणा आणि वास यांच्यावर जास्त भर द्या.

डिपस्टिक नसेल, आणि नवीन गाड्यांत नसतेच, तर खालून बूच उघडूनच बघावं लागतं. ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये.

मग चालवून बघा

सकाळी गाडी थंड असताना ब्रेक दाबून पी वरून आर ला टाका, मग डी ला. एक-दोन सेकंदांत हलकासा दम लागल्यासारखं होऊन गाडीने गिअर पकडला पाहिजे. तीन-चार सेकंद काहीच नाही आणि मग एकदम धक्का, हे लक्षण वाईट. मग मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने चालवा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. गिअर बदलताना काटा खाली यायच्या ऐवजी आधी वर उसळला, तर गाडी स्लिप मारतेय. ५० ते ७० च्या वेगात सारखं पेडल धरल्यावर गाडी बारीक थरथरत असेल, जणू टोलच्या आधीच्या पट्ट्यांवरून चाललीय, तर तो बऱ्याचदा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून टाकणाऱ्या क्लचचा) थरथराट असतो. ऑइल बदलल्यावर जी मोजकी दुखणी खरंच कमी होऊ शकतात त्यातलं हे एक. मात्र इंजिनाचा मिसफायर आणि फुटलेलं इंजिन माउंटिंगसुद्धा असाच झटका देतात, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सला दोष जातो. दोनशे रुपयांचा स्पार्क प्लग आधी बघा.

ठरवायचं असं

गाडी नीट गिअर टाकतेय, ऑइल लाल किंवा तपकिरी, तर बिनधास्त बदला, दोन लाख झालेले असले तरी.

गाडी नीट चालतेय, पण ऑइल गडद आहे आणि इतिहास शून्य, तर बदला, पण खाली सांगतो तसं टप्प्याने. बहुतेक सेकंडहँड गाड्या याच गटात येतात.

गाडी स्लिप मारतेय, ऑइल काळं आणि जळकं, तर आधी ऑइलवर खर्च करू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारा माणूस शोधा, स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, ऑइलचा दाब मोजायला सांगा. कधी नुसतं सोलेनॉइडवर निभावतं, कधी पूर्ण बॉक्स खोलावा लागतो आणि तो आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. अशा वेळी गाडीची किंमत किती, ती आणखी किती वर्षं ठेवायची, हे घरात बसून ठरवायचं. अशा गाडीचं ऑइल बदलायचंच असेल तर "बघू काय होतंय" एवढ्याच अपेक्षेने, आणि त्याच आठवड्यात महाबळेश्वरला निघू नका.

सीव्हीटीवाल्यांनी मात्र वाट बघू नये. त्यात लोखंडी पट्टा दोन पुल्यांमध्ये नुसत्या घर्षणावर पकडलेला असतो, ऑइल बिघडलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा अख्खा बॉक्सच. ४०-५० हजारांच्या आसपास बदलत राहणं हे माझ्या मते स्वस्तातलं काम. डीएसजीत सहा गिअरची, ओल्या क्लचची असेल तर ६०,००० किलोमीटरला फिल्टरसकट बदलायचं हे कंपनीनेच सांगितलेलं आहे, ते चुकवू नका. पोलोतली सात गिअरची कोरड्या क्लचची आहे, तिचा हिशेब वेगळा, त्यात क्लच ऑइलात बुडत नाही.

ऑइल विकत घेताना

एटीएफ म्हणजे सगळं एकच, असं सांगणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. आय१० आणि जुन्या वेर्नाच्या चार गिअरवालीला एसपी-थ्री लागतं, सहा गिअरवाल्या ह्युंदाईला एसपी-फोर, आणि ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडात जुनं झेड-वन जाऊन डीडब्ल्यू-वन आलं, आणि सीव्हीटीवाल्या सिटीला एचसीएफ-टू. क्रिस्टाला डब्ल्यूएस. निसानला एनएस-टू किंवा एनएस-थ्री, सालाप्रमाणे. सीव्हीटीत चुकून साधं एटीएफ गेलं तर गाडी पट्टा घसरवते आणि हे काही किलोमीटरमध्ये होऊ शकतं, तेव्हा गॅरेजमध्ये डबा उघडायच्या आधी नाव स्वतः वाचा. लाजायचं काही कारण नाही, गाडी तुमची आहे.

माल कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून घेतलेला बरा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, पण तिथेही ओळखीचं दुकान बघा, डब्याचं सील बघा, बॅच नंबर बघा, बिल घ्या. आणि ड्रेन प्लगचा नवीन वॉशर घ्यायला विसरू नका, दहा-वीस रुपयांची वस्तू, पण जुनाच लावला की थेंब थेंब गळत राहतं.

प्रत्यक्ष काम

नवीन माणसाने पहिल्यांदा गॅरेजमध्येच करून घ्यावं, पण बाजूला उभं राहून. मेकॅनिकला सुरुवातीलाच सांगा, "भाऊ, मशीन लावायचं नाही, खालचं बूच काढून जेवढं पडेल तेवढंच मोजून भरायचं." बहुतेकांना हे पटतं, उलट त्यांचं काम कमी होतं. घरी करायचं असेल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही, जॅक स्टँड किंवा रॅम्प पाहिजे, चाकांना दगड पाहिजे.

गाडी थोडी चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन कचरा घेऊन खाली येतं. फार गरम नको, हात भाजतो. मग सगळ्यात आधी भरायचं बूच सैल होतंय का ते बघा. भरायचं बूच आधी सैल करायचं, खालून ऑइल सांडायचं नंतर. कारण वरचं बूच गंजून अडकलं असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून बसला असाल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी पार्किंगमध्येच अडकते. ज्यात डिपस्टिकच्या नळीतूनच भरतात तिथे हा प्रश्न नाही. होंडाच्या ऑटोमॅटिकचं ड्रेनचं बूच बऱ्याचदा चौकोनी खाचेचं असतं, त्यात ३/८ ची रॅचेट थेट बसते, वेगळा पाना लागत नाही, उगाच पाइप पाना लावून कडा गोल करू नका.

खाली मापाच्या खुणा असलेलं भांडं ठेवा आणि बूच काढा. बुचाच्या टोकाला बहुतेक ठिकाणी चुंबक असतं. ते हातात घेऊन नीट बघा, अख्ख्या कामातली सगळ्यात कामाची माहिती तिथे आहे. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणारच, बोटांत चोळली की कण टोचत नाही, ती नेहमीची झीज. पण नखात अडकेल असा तुकडा, चकचकीत पापुद्रा, सुईसारखी कीस, यातलं काही दिसलं तर आत काहीतरी तुटतंय. फोटो काढा, बूच पुसून परत लावा, ऑइल भरा आणि गाडी थेट ऑटोमॅटिकवाल्याकडे.

चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पात्र) खोलून फिल्टर बदलता येत असेल तर फिल्टर आणि गॅस्केट दोन्ही बदला, चेंबरमधली चुंबकं पुसा. काही गाड्यांत फिल्टर इतका आत असतो की बॉक्स खोलल्याशिवाय निघत नाही, तिथे नाद सोडा.

आता जेवढं पडलं तेवढंच भरायचं, भांड्यावर मोजून. थोडं कमी भरून, इंजिन चालू करून, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद ठेवत फिरवायचा, मग गरम झाल्यावर पातळी बघून उरलेलं टाकायचं. जास्त झालं तर ऑइलात फेस होतो, कमी झालं तर पंप हवा ओढतो, दोन्हीत क्लचला दाब मिळत नाही. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी ठराविक तापमानालाच बघतात, स्कॅनरवर ऑइलचं तापमान वाचत आणि चेकच्या बुचातून धार थांबून थेंब पडायला लागेपर्यंत. ज्याच्याकडे हा स्कॅनर नाही त्याच्याकडे ही गाडी नेऊ नका.

टप्प्याने म्हणजे काय, तर खालून बूच काढल्यावर सगळं ऑइल पडतच नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं. मग पहिल्या बदलानंतर आत जुनं ६० टक्के, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर साधारण २२. प्रत्येक बदलात हजारभर किलोमीटरचं अंतर ठेवा. यात ऑइल एका दमात बदलत नाही, कचरा थोडा थोडा निघतो, आणि पहिल्या बदलानंतर काही वाकडं वाटलं तर तिथेच थांबता येतं. ऑइल जरा जास्त लागतं, खरंय. ज्यांना तेही नको वाटतं त्यांनी दोनदा करा आणि पुढे दर ४०-५० हजारांना एकदा, चालतंय.

बदलल्यावर

पहिले काही दिवस गिअर जरा वेगळे पडल्यासारखे वाटतील, कारण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुन्या ऑइलच्या सवयीने चाललेला असतो. काही गाड्यांत स्कॅनरने हे शिकलेलं पुसून नव्याने शिकवावं लागतं, निसानच्या सीव्हीटीत ऑइल किती खराब झालं याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो, तो शून्यावर आणायचा असतो. गॅरेजमधून निघायच्या आधी विचारा की हे केलं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. थेंब दिसला तर वॉशर किंवा गॅस्केट परत बघायचं. आठवड्याने पातळी पुन्हा एकदा. तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं पूर्ण नाव कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या मेकॅनिकला आणि पुढच्या मालकाला दोघांनाही ते लागतं.

काढलेलं ऑइल गटारात किंवा सोसायटीच्या झाडाखाली ओतू नका, कायद्याने तो धोकादायक कचरा आहे. त्याच डब्यात परत भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडे जुनं ऑइल गोळा करणारा येत असतो.